चित्र काढताना काढून टाकलेलं

बडोद्यात कुणी विचारलं, "काय करतेस सध्या?" आणि मी म्हटलं, "चित्रं काढते," की पुढचा प्रश्न ठरलेला. "ते झालं गं, पण नोकरी?" मग मी सांगते, बिल्डर लोकांसाठी काढते. त्यावर समोरच्याचा चेहरा जरा निवळतो. बिल्डर म्हटलं की पैसे मिळत असणार, एवढा विश्वास आपल्या लोकांना आहे.

नेमकं काम काय ते सांगते. इमारतीची ती चकचकीत चित्रं, ज्यांत आकाश कायम निळं आणि पार्किंगमध्ये एकच पांढरी गाडी असते, ती मी करत नाही. ती कॉम्प्युटरवर करणारी मुलं वेगळी. माझं काम इमारतीच्या बाहेरचं. घर घेणारा माणूस नुसत्या चार भिंती घेत नाही. तो समोरचा रस्ता, झाडं, भाजीवाली, देऊळ, शाळा हे सगळं घेत असतो. ते एका चित्रात दिसावं, इथे राहणं कसं असतं ते बघताक्षणी कळावं, असं कंपनीला हवं असतं. ते चित्र मग ब्रोशरमध्ये, वेबसाइटवर आणि सेल्स ऑफिसच्या भिंतीवर जातं. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते, 'चित्र ही कलाकाराची कल्पना आहे.' तो कलाकार म्हणजे मी.

२०२२ च्या दिवाळीनंतर एका कंपनीने मला अशी सहा चित्रं सांगितली. अलकापुरी, कारेलीबाग, मांजलपूर, समा, वासणा-भायली आणि जुनं शहर. प्रत्येक भागाचा स्वभाव एका चित्रात पकडायचा. एका चित्राचे अठरा हजार, निम्मे आगाऊ. मला तर हे पैसे घेऊन फिरायला सांगितल्यासारखंच वाटलं.

आमच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत पहिल्या वर्षी मुलांना स्केचबुक देऊन स्टेशनवर आणि मांडवीत सोडतात. या फॅकल्टीत १९५० पासून चित्रकला शिकवणारे ना. श्री. बेंद्रे मूळचे इंदूरचे, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी शिकले. आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं वाक्य होतं, "आधी बसा. पेन्सिल नंतर." म्हणजे जागा दिसायला लागेपर्यंत हात चालवायचा नाही.

तशी मी बसले. अलकापुरीत जुन्या बंगल्यांच्या कुंपणाबाहेर, मोठ्या झाडांखाली. तिथे बंगले पडून शोरूम झाल्या, पण काही झाडं मात्र राहिली आहेत, आणि त्या भागाचं वय दुकानांच्या पाट्यांपेक्षा या झाडांवरून कळतं. मांजलपूरला संध्याकाळी सहाला, मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटून स्कूटरी घराकडे वळतात तेव्हा. भायलीला एका शेताच्या बांधावर, जिथे एका बाजूला एरंडी होती आणि दुसऱ्या बाजूला चौदा मजले. कारेलीबागेत सोसायटीच्या बाकावर, जिथे दुपारी चारला सगळ्या आज्या एकदम बाहेर येतात.

जुन्या शहराला मला बसावं लागलं नाही. मी रावपुऱ्यातली. आमच्या घरापासून तांबेकर वाडा चालत पाच मिनिटांवर. शाळेत असताना आबा मला तिथे घेऊन जायचे. एकोणिसाव्या शतकातला तो दिवाणांचा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्याच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. महाभारत आहे, कृष्णलीला आहेत, आणि त्याच भिंतींवर त्या काळातली लढाई आणि युरोपियन माणसंसुद्धा आहेत. मी आबांना विचारलं होतं, "देवांच्या चित्रात साहेब कशाला?" आबा म्हणाले, "तेव्हा बडोद्यात साहेब होते ना. डोळ्यांना दिसत होते, म्हणून काढले." हे उत्तर मला पुढे फार महागात पडलं.

चित्रं पाठवायला लागले तशा कंपनीच्या सूचना यायला लागल्या. मार्केटिंगचे प्रमुख गुजराती होते, बोलायला अतिशय गोड. विजेच्या तारा काढा. बरं. गाय काढा. बरं. मांजलपूरच्या चित्रातली शेव-उसळीची लारी काढा, तिथे कॅफे दाखवा. इथे मात्र मी भांडले. म्हटलं, अहो, उसळ आमची, शेव तुमची, बडोद्याचा स्वभाव एका वाटीत हवा असेल तर तो हाच आहे. ते हसले. लारी राहिली, पण तिच्यामागे पळायला गेलेली एक बाई आणि सोनेरी केसांचा कुत्रा आला. मांजलपूरला असा कुत्रा मी आजवर पाहिलेला नाही.

समाचं चित्र मला सगळ्यांत आवडलं होतं. कंपनीची इमारत तिथे जवळपास तयार होती, आणि तिथून थोड्या अंतरावर विश्वामित्री वाहते. आपली विश्वामित्री म्हणजे काही नर्मदा नव्हे. पावागडाकडून येते, शहराच्या मधून वळणं घेत जाते, आठ महिने तिच्याकडे कुणी बघतही नाही. पण भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत शेकडो मगरी आहेत, आणि माणसं त्यांच्या शेजारी राहतात. मी तीन सकाळी पुलाजवळ बसले. तिसऱ्या दिवशी नऊच्या उन्हात एक मगर चिखलात येऊन तोंड उघडून पडली. शाळेत चाललेल्या दोन मुलांनी सायकल थांबवली, "आज मोटी आवी छे," असं एकमेकांना सांगितलं आणि निघून गेली. मला वाटलं, समा म्हणजे हेच. मगर बघून शाळेला उशीर न होऊ देणारी मुलं.

जवळच एक इस्त्रीवाले काका होते. त्यांच्या टपरीमागच्या भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ होती. मी विचारलं तर इस्त्री न थांबवता म्हणाले, "ओगणीसनुं पाणी." म्हणजे २०१९ चं. त्या वर्षी ३१ जुलैला एका दिवसात जवळपास पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता, आपल्यापैकी कुणीच तो विसरलेलं नाही. काकांनी भिंत दोनदा रंगवली होती, रेघ दोनदा वर आली होती. मी काकांना काढलं, त्यांच्या मागची भिंत काढली, भिंतीवर फिकट तपकिरी रेघ काढली. नदीच्या काठावर मगर काढली. सायकलवाली मुलं काढली.

चित्र पाठवल्यावर अर्ध्या तासात फोन आला. "बेन, बहु सरस. बस, आ मगर काढी नाखो ने. अने पाछळनी भींत पर डाघ छे ए."

आपल्या भाषेतही गंमत बघा. चित्र काढायचं, आणि नको असेल ते काढायचं. दोन्हीला शब्द एकच. मी म्हटलं, "मगरी तर सगळ्या बडोद्याला माहीत आहेत." ते शांतपणे म्हणाले, "माहीत आहे ते दाखवायला आम्ही पैसे कशाला देऊ?"

त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं. इमारतीला सगळ्या परवानग्या होत्या, बांधकाम चांगलं होतं, खोटं असं ते काहीच छापत नव्हते. आणि मगर काढायला मला दोन सेकंद लागले. टॅबलेटवर मगर वेगळ्या थरावर होती, बोट लावलं आणि गेली. भिंतीला एक मिनिट लागलं. उरलेले निम्मे पैसे आठवड्यात खात्यात आले.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहायला बसले नसते.

माझी आत्या रावपुऱ्यातच, आमच्या मागच्या पोळीत राहायची. दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना उभा, वर चढताना धरायला दोरी. सत्तरी गाठल्यावर तिच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं. मुकुंददादा, माझा आतेभाऊ, लिफ्टचं घर शोधत होता. फिरता फिरता तो त्या सेल्स ऑफिसात गेला आणि भिंतीवर माझं चित्र बघून त्याने तिथूनच फोन केला. "अगं, हे तुझं आहे ना? खाली तुझी सही दिसतेय. आई तर चित्र बघूनच खूश झाली. म्हणतेय, हिने काढलंय म्हणजे जागा बघूनच काढली असणार."

मग त्याने विचारलं, "पाण्याचं काय गं तिकडे?"

हा प्रश्न त्याने मला सरळ विचारला होता. माझ्या स्केचबुकात ती रेघ होती, खांद्याएवढी, शेजारी '२०१९' असं लिहिलेलं. मी म्हणाले, "एरिया छान आहे रे. पाण्याची चौकशी करून घे तिथे." त्याने सेल्स ऑफिसात चौकशी केली. त्यांनी सांगितलं की इमारतीचं जोतं उंच घेतलंय, काळजी नाही. ते खरंही होतं. जोतं उंच होतं, पण पार्किंग खाली होतं.

मी असं का म्हणाले, ते मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. कंपनीशी माझा पुढच्या कामाचा बोलणं चालू होतं, हे एक. पण त्याहून मोठं कारण म्हणजे आत्या माझ्या चित्रावर खूश होती. घरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाचा भरवसा धरून काही ठरवत होतं. तो भरवसा मला मोडायचा नव्हता.

२०२३ च्या पाडव्याला त्यांनी फ्लॅट बुक केला. दुसरा मजला. २०२४ च्या अक्षय तृतीयेला गृहप्रवेश. आत्याने लिफ्टला हळदकुंकू लावलं, त्यावर आम्ही सगळे हसलो.

त्याच वर्षीच्या गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, पाऊस लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपण सगळेच फोनवर आजव्याची पातळी आणि काळा घोड्याची पातळी बघत बसलो होतो. विश्वामित्री धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहिलं, कारण वरचं पाणी अजून यायचं होतं. समात, आकोट्यात, कारेलीबागेत लोक घरांत अडकले. वस्त्यांतून मगरी पकडून नेल्याचे व्हिडिओ फिरायला लागले.

आत्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये डोक्यावर पाणी होतं. दादाची गाडी गेली, वहिनीची स्कूटर गेली. मीटर रूम खालीच, त्यामुळे वीज गेली, विजेबरोबर लिफ्ट आणि पाण्याचा पंप. आत्या इन्सुलिन घेते. फ्रिज बंद. फोनची बॅटरी वाचवायची म्हणून दादा दिवसातून दोनदाच फोन करायचा, एक एक मिनिट. त्या मिनिटात मी विचारायचे, "इन्सुलिन?" तो सांगायचा, "माठात ठेवलंय. ओल्या फडक्यात." औषधाच्या दुकानापर्यंत जायचं तर छातीभर पाण्यातून, आणि त्या पाण्यात काय असू शकतं ते मीच एकदा काढून मग पुसून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. आम्ही चालत गेलो, कारण रिक्षा येत नव्हती. आत्या ठीक होती. पार्किंगमागच्या स्टोअरमध्ये ठेवलेली गौरींची लाकडी मखर मात्र भिजून फुगली होती, तिचे सांधे सुटले होते. ती आत्याच्या सासूबाईंची होती. इमारतीच्या भिंतीवर ओली रेघ होती. इस्त्रीवाल्या काकांची टपरी जागेवर नव्हती. काका मात्र भेटले, त्यांच्या भावाकडे वर राहिले होते. त्यांच्या भिंतीवर जुन्या रेघेच्या हातभर वर नवी रेघ आली होती.

मी आत्यासमोर बसून सगळं सांगितलं. रेघ पाहिली होती, मगर काढली होती, काढून टाकली होती, दादाने विचारलं तेव्हा गप्प बसले होते. दादा काही बोलला नाही, उठून बाल्कनीत गेला. आत्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चित्र छानच होतं गं. तेवढी मगर नव्हती, ती प्रत्यक्षात आली." ती हसली, मला हसता आलं नाही. दादाशी माझं बोलणं सुरळीत व्हायला गणपती उजाडावे लागले. त्या वर्षी गौरी मखरीशिवाय, नुसत्या पाटावर बसल्या.

घर सोडून ते कुठे जाणार? गेले नाहीत. सोसायटीच्या सभा झाल्या, वाद झाले, वर्गणी निघाली, आणि मीटर रूम आता पहिल्या मजल्यावर गेली आहे. पंपाची मोटर उंच चौथऱ्यावर आहे.

आपल्या मंडळातली पुष्कळ तरुण मंडळी सध्या घर शोधत आहेत म्हणून या बाजूने पाहिलेलं चार गोष्टींत सांगते. चित्र आवडलं तर आवडू द्या, पण त्या चित्राच्या जागी स्वतः तीनदा जा. एकदा सकाळी, एकदा रात्री, आणि एकदा भर पावसाळ्यात. सेल्स ऑफिसात विचारून झालं की इस्त्रीवाला, दूधवाला आणि मेडिकल स्टोअर या तिघांना विचारा, त्यांना विकायचं काही नसतं. 'पाणी भरतं का?' असं विचारू नका. 'मागच्या पुराला कुठवर आलं होतं?' असं विचारा, ते हात वर करून दाखवतात. मीटर रूम, जनरेटर आणि पंप कुठल्या उंचीवर आहेत ते स्वतः बघा. प्रकल्पाची रेराची नोंदणी तपासा, ब्रोशर जपून ठेवा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या बाराव्या कलमात जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. पण चित्रात नसलेल्या गोष्टीला विधान कोण म्हणणार? ती बघायला आपल्यालाच जावं लागतं.

आणि चित्र काढणाऱ्या कुणी ओळखीच्या असतील तर त्यांना सरळ विचारा, "काय काय काढून टाकलंस?"

मी हे काम सोडलेलं नाही. आता फक्त सुरुवातीलाच सांगते की तारा, गाय, लारी, जे म्हणाल ते काढेन, पण पाण्याची खूण आणि नदीतला जीव काढणार नाही. हे ऐकून एका कंपनीने पुन्हा फोन केला नाही. गेल्या वर्षी मात्र कारेलीबागेतल्या एका जुन्या सोसायटीच्या पुनर्बांधणीचं काम आलं. तिथल्या सेक्रेटरीकाकांनी स्वतःच सांगितलं, "भिंतीवरची रेघ दाखवा, आणि आमची नवी मीटर रूम तिच्या वर दाखवा. लोकांना कळू दे आम्ही काय केलंय ते." एवढ्या वर्षांत रेघ काढा, म्हणजे खरोखर काढा, असं मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

आत्यासाठी मी समाचं चित्र पुन्हा काढलं, कागदावर, जलरंगात. सायकलवाली मुलं, इस्त्रीवाले काका, त्यांच्या मागे आता दोन रेघा, '२०१९' आणि '२०२४'. काठावर मगर, तोंड उघडून. ते तिने हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलंय. कुणी आलं की ती पाणी द्यायच्या आधी चित्र दाखवते. गेल्या आठवड्यात शेजारचं एक जोडपं घर बघायला आलेल्या आपल्या पाहुण्यांना मुद्दाम घेऊन आलं होतं. आत्याने त्यांना चित्रासमोर उभं केलं, वरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथवर येतं. आता बसा, चहा टाकते."